अक्काच्या मंगलाष्टकाला मशीन

साखरपुड्यात नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्यानं सहज विचारलं, "बँड कुणाचा सांगितला?" बापू, म्हंजे आमचे वडील, उत्तर द्यायच्या आत अक्काच बोलली. तिनं त्या दिवशी मान खाली घालून बसायचं होतं, मायनं सकाळपासून तीनदा बजावलं होतं. ती मान वर करून म्हणली, "बँड हाय. पण मंगलाष्टकाला माझी बहीण वाजवणार हाय."

ती बहीण म्हंजे मी. मी तवा पोह्याच्या बशा वाटायलते. ट्रे हातातून सुटला न्हाई एवढंच. कारण खरी गोष्ट अशी होती की मला तवा एकच धून येत होती, ती बी अर्धी, ती बी दार लावून घेतलं तर.

"काय वाजवती?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"गिटार. बसून वाजवायची. हातानं बी अन् पायानं बी."

"पायानं?" म्हणून सगळे हसले. एक बाई तेवढी हसली न्हाई. ती नवरदेवाची आत्या, सोनपेठची. तिनं बशी खाली ठेवली, पदरानं हात पुसला अन् म्हणली, "आमच्या घरातल्या लग्नात मंगलाष्टकं मीच म्हणते. आजपर्यंत दुसऱ्या कुणी म्हणली न्हाईत. पोरीला वाजवू द्या, माझी ना न्हाई. पण तिनं माझ्या मागं मागं यायचं. मी कुणाच्या मागं जात नसते."

पाहुणे गेल्यावर माय भांडी घासता घासता अक्काला बोलायली. "तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? आता हे बिघडलं तर तुला सासरी जन्मभर ऐकावं लागंल. त्या आत्याबाई सोडतील का? म्हणतील हिच्या बहिणीच्या लोखंडानं आमची मंगलाष्टकं नासली."

अक्का म्हणली, "न्हाई बिघडायचं."

मी उरलेले पोहे डब्यात भरायले. 

आता ती मशीन काय हाय ते सांगते. गावात सगळे तिला मशीनच म्हणतेत. मी कॉलेजला पिंगळीहून रेल्वेनं परभणीला जाते. एकदा परत येताना गाडीत मोबाईलवर काहीतरी बघता बघता एक गोरा म्हातारा दिसला. टेबलासारख्या गिटारपुढं बसलेला, उजव्या हातानं तारा छेडायलाय, डाव्या हातातला लोखंडाचा तुकडा तारांवरून सरकवायलाय, अन् खाली पायानं पेडल दाबायलाय. पेडल दाबलं की तार आपोआप ताणती अन् सूर वाजता वाजता वर चढतो. कुणी रडता रडता हुंदका गिळावा तसा. मी पिंगळीला उतरायची विसरले. थेट गंगाखेडला गेले. तिथं माझ्या मामाचं वेल्डिंगचं दुकान हाय, म्हणलं आता आलेच हाय तर मामालाच दाखवावं.

मामानं तो व्हिडिओ पाच-सात वेळा बघितला. मग म्हणला, "ह्यात काय हाय? शिलाई मशीनच तर हाय."

अन् खरंच त्यानं शिलाई मशीनच्या जुन्या स्टँडवर बनवली. वर सागवानाची फळी. तिच्यावर आठ तारा. पायात दोन पेडल, गुडघ्यानं ढकलायला एक दांडी. पेडलपासून तारेपर्यंत मोटरसायकलच्या ब्रेकच्या वायरी. सरकवायचा तुकडा म्हंजे पाण्याच्या मोटरच्या शाफ्टचा, लेथवर घासून आरशासारखा केलेला. तारांचा आवाज पकडून स्पीकरला देणारा छोटा डबा तेवढा ऑनलाइन मागवला. हे सगळं व्हायला मामाला चार महिने लागले. लोक खिडक्यांची ग्रील मागायला यायचे अन् मामा त्यांना म्हणायचा, "जरा दम खा, भाचीचं काम चाललंय."

घरात ती ठेवायला जागा नव्हती. धान्याच्या खोलीत ठेवली, पत्र्याच्या. सात महिने मी तिथं वाजवलं अन् सात महिने अक्का ज्वारीच्या पोत्यावर बसून ऐकत राहिली. घरात दुसरं कुणी दहा मिनिटं टिकलं न्हाई. माय म्हणायची दात दुखायलेत. बापू मेंढरं घेऊन जायचे अन् वाजवणं संपायच्या बेतानं परत यायचे. अक्का ज्वारी निवडायची, मधीच म्हणायची, "आता ते परत कर. मघाचं. ते बरं होतं." म्हणून तिनं साखरपुड्यात तसं सांगितलं. तिला खरंच वाटायलं होतं की मला येतंय.

लग्नाला महिना राहिला तवा आत्याबाईंनी आपली मंगलाष्टकं रेकॉर्ड करून पाठवली. पाच कडवी. मधी एकदा कुकरची शिट्टी. मी ती रात्रंदिवस कानाला लावली अन् तिसऱ्या दिवशी मला रडू फुटलं.

त्याचं असं झालतं. मी फळीवर नेलपॉलिशनं खुणा केल्या होत्या. हितं सा, हितं ग, हितं प. लाल, गुलाबी, परत लाल. पहिल्या कडव्याला त्या खुणा बरोबर बसायच्या. पण आत्याबाई सुरात चढत होत्या. प्रत्येक सावधानला थोडं थोडं. पाचव्या कडव्यापर्यंत त्या कुठल्या कुठं गेलेल्या असायच्या अन् मी माझ्या लाल खुणेवर एकटीच उभी. बाजाच्या पेटीवर हे झालं असतं तर वाजवणारा सरळ उठून गेला असता. माझी मशीन सरकती होती, म्हणून मला उठून जायचं निमित्त बी नव्हतं.

मी नेलपॉलिश रिमूव्हरनं सगळ्या खुणा पुसल्या. आता नुसत्या कानावर. अन् कान काही ऐकेना. पहिलं कडवं जमायचं, दुसऱ्यात घसरायची, तिसऱ्यात पाय चुकायचा, डाव्याच्या जागी उजवं पेडल. रोज दुपारी दोन ते पाच. पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये बसून बघा. घामानं तुकडा हातातून निसटायचा अन् तारांवर पडायचा, अन् असा आवाज यायचा की बाहेरच्या शेळ्या ओरडायच्या.

लग्नाला बारा दिवस राहिले तवा मी अक्काला गाठलं. ती ब्लाउजला हुक लावायलती.

"अक्का, मला न्हाई जमायचं."

"जमंल."

"न्हाई जमत. तू सांग त्यांना मला ताप आलाय."

"बारा दिवस आधी ताप?"

"मग सांग की मशीन मोडली. मी खरंच मोडते. मामाला सांगते मी."

तिनं सुई थांबवली. "मी तिथं सगळ्यांपुढं बोललेय. आता न्हाई म्हणलं तर घरात पाय ठेवायच्या आधीच मी खोटी पडते. तुला कळायलंय का? मला तिथं राहायचंय."

मी कळायलंय म्हणले. कळून काय उपयोग होता.

बापू त्या संध्याकाळी मेंढरं कोंडून आले, हात धुतले अन् एवढंच म्हणले, "आता मेंढरं तुझ्या आवाजाला बुजत न्हाईत. म्हंजे सुधरलं असंल." घरातून मला मिळालेली तारीफ एवढीच.

मग लग्नाची कामं लागली. ज्वारी रंगवायचं काम माझ्याकडं. आमच्याकडं अक्षतेला तांदूळ न्हाई, ज्वारी वापरतेत. मी सकाळी दोन तास वाजवायची अन् मग गच्चीवर चादर टाकून ज्वारीला हळद-कुंकू चोळायची. चांगली टपोरी ज्वारी मी स्वतः निवडली, बारीक दाणा मुठीत बसत न्हाई म्हणून. वाळवली, कागदाच्या पुड्या केल्या. पाचशे-सहाशे पुड्या झाल्या असतील. पुड्या बांधताना बी कानात आत्याबाई चालूच होत्या. लाल ज्वारी बोटातून सोडायची अन् कुठल्या अक्षराला पेडल दाबायचं ते मनात घोकायची. हे मी कामून सांगायलेय ते पुढं कळंल.

लग्नाच्या दोन दिवस आधी कासार आला. घरातल्या सगळ्या बायांना हिरव्या बांगड्या. माझा हात दाबला, साबण लावला अन् डझन डझन चढवल्या, इतक्या घट्ट की रक्त थांबलं. म्हणला, घट्ट बसल्या की हात भरलेला दिसतो. हात भरलेला दिसला. मी खोलीत जाऊन मशीनपुढं बसले, पहिली तार छेडली, अन् किण किण किण. तार एक वाजायची अन् बांगड्या बारा. उजवा हात तारांवर टेकवल्याशिवाय ही मशीन वाजतच न्हाई, अन् हात टेकला की बांगड्या तारांवर नाचायच्या.

साबण लावला, तेल लावलं, पिशवी चढवून ओढल्या. एक बी निघाली न्हाई. फोडाव्यात म्हणून दगड घेतला तर मायनं हात धरला. "लग्नघरात? अक्काच्या लग्नात बांगड्या वाढवतीस?" तिचा चेहरा असा झालता की मी दगड खाली ठेवला.

मी दाराच्या उंबऱ्यावर बसले. रडले बी न्हाई, तेवढं बी जमंना. बापूनं आपला हिवाळ्यातला लोकरीचा पायमोजा आणला, विळ्यानं पुढून कापला अन् माझ्या हातावर चढवला. बांगड्या आत, बोटं बाहेर. दुसरा दुसऱ्या हातावर. म्हणले, "वाजव आता." वाजवलं. बांगड्या गप. जरीची साडी, गजरा अन् हातावर मेंढपाळाचे पायमोजे. माझ्या मनात आलं, आता ह्याच्यापेक्षा वाईट काय होणार हाय?

लग्नाचा मुहूर्त दुपारचा. मांडव शाळेच्या मैदानात. मी सकाळी आठला मशीन मांडली, तारा सुरात लावल्या. दहाला ऊन मांडवाच्या कडेनं आत आलं, लोखंड तापलं अन् सगळ्या तारा उतरल्या. परत लावल्या. अकराला परत उतरल्या. मामा गंगाखेडहून पाने-पकड अन् तेलाची कुपी घेऊन आलता. त्यानं मशीनवर ओलं पोतं टाकलं, साउंडवाल्याला खुर्ची सरकवायला लावली, मला स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात सावलीत बसवलं, नवरदेवाच्या बाजूला, नवरा-नवरीपासून चार हातांवर. म्हणला, "सगळं झालं. ऊन झालं, तारा झाल्या, बांगड्या झाल्या. आता काय राहिलं?"

मी विचार केला. खरंच काही राहिलं नव्हतं. करवली म्हणून अक्काच्या मागं कलश घेऊन चुलतबहीण उभी राहणार होती. माय घरी तुळशीपाशी बसणार होती, आमच्याकडं मुलीची माय मंगलाष्टकं बघत नसती, तिला नुसता भोंग्यातून आवाज येणार होता.

अंतरपाट धरला. आत्याबाई माईकपुढं आल्या. त्यांनी माझ्या पायमोज्यांकडं बघितलं. डोळे मिटले अन् सुरू केलं.

अन् जमलं. मी खरं सांगते, पहिलं कडवं जमलं. त्यांचा आवाज जिथं जिथं गेला तिथं माझा तुकडा गेला, अन् शेवटाला त्या चढल्या तवा मी डावं पेडल दाबलं अन् तार त्यांच्याबरोबर चढली. मैदानातलं बोलणं थांबलं. अंतरपाटाच्या वरून अक्काच्या मुंडावळ्या बांधलेल्या डोक्याचा वरचा भाग तेवढा दिसायलता. तो हलला. आजवर मला असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं आता पाचही कडवी अशीच.

"शुभमंगल सावधान."

अन् सगळ्या गावानं ज्वारी टाकली.

पुढच्या रांगा जवळ होत्या, त्यांची ज्वारी अक्कावर पडली. मागच्या रांगा लांब होत्या, त्यांनी जोर लावून भिरकावली, अन् ती पडली माझ्यावर. माझ्या डोक्यावर, गजऱ्यात, पायमोज्यांवर. अन् तारांवर. टण टण टण, प्रत्येक दाणा भोंग्यातून ऐकू आला. माझ्या हातानं निवडलेले टपोरे दाणे. मी वरून झटकले. जे झटकले ते तारांच्या मधून आत गेले, जिथं ब्रेकच्या वायरी येऊन तारांना धरतेत तिथं.

दुसरं कडवं सुरू झालं. मी तुकडा टेकवला, तो एका दाण्यावर चढला अन् तार फरफरली, पतंगाच्या कागदासारखी. मी पेडल दाबलं. तार वर गेली. पेडल सोडलं. तार खाली आली न्हाई. दाणा अडकलता. मी परत दाबलं, परत सोडलं. भोंग्यातून असा सूर निघाला की आत्याबाईंनी मिटलेले डोळे उघडले. म्हणायच्या थांबल्या न्हाईत, पण माझ्याकडं बघितलं. पहिल्या रांगेतली पोरं हसली.

मी हात उचलला.

दुसरं कडवं असं गेलं. सावधान, परत ज्वारी. मी मशीनवर आडवी झाले, पाठ वर करून, लेकरू झाकावं तशी. ती पाठीवरून ओघळून आत गेली. तिसरं कडवं. मामा खाली मशीनच्या पायात शिरून वायर ओढायलता, "सोड, सोड, मी बघतो" म्हणायलता अन् काही होईना. मला अंतरपाटाकडं बघवेना. अक्काला तिकडून काही दिसत नव्हतं, तिला नुसतं ऐकू येत होतं की मी न्हाई. घरी तुळशीपाशी मायला बी तेच ऐकू येत होतं. चौथं कडवं. मी मनात म्हणायले, बापू येतील अन् ही मशीन उचलून फेकून देतील तर बरं. कुणीच आलं न्हाई. सगळे ज्वारी टाकायलते.

पाचव्याला मी सगळ्यात खालची जाड तार एकच धरली. तिला पेडल जोडलेलं नव्हतं. दाणा लागला तर लागला. आत्याबाई तोपर्यंत लय वर गेल्या होत्या. मी त्या एका तारेवर, फरफरत का होईना, त्यांच्या मागं मागं गेले. शेवटचं सावधान त्यांनी दम संपेपर्यंत ओढलं. मी बी ओढलं. मग बँड वाजला, अंतरपाट खाली आला, हार घातले. अक्कानं हार घालताना माझ्याकडं बघितलं न्हाई.

जेवणाच्या वेळी मी स्टेजवर मशीनपाशीच बसून होते, शेजारी मामा ताट घेऊन. आत्याबाई हातात पानाचा विडा घेऊन अक्कापुढं आल्या. मोठ्यानं बोलल्या, चार बाया ऐकतील अशा. "मधल्या तीन कडव्यात कुठं गेलती गं तुझी बहीण? मी म्हणलं होतं मागं मागं ये. मला एकटीला सोडून पळाली का?"

सगळ्या बाया अक्काकडं बघायल्या. 

अक्का म्हणली, "न्हाई आत्याबाई. आमच्याकडं तशी रीत हाय. पहिल्याला अन् शेवटच्याला वाजवतेत. मधी वाद्य गप ठेवतेत, म्हणणाऱ्याचा आवाज ऐकू यावा म्हणून."

अशी रीत आमच्याकडं न्हाई. कुणाकडंच न्हाई. मामाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "चांगली रीत हाय," म्हणल्या. "आम्हाला कुणी सांगितली न्हाई."

गाडीत बसताना अक्का माझ्या गळ्यात पडली अन् कानात बोलली, "मी पहिल्याच दिवशी खोटं बोलले." बस, एवढंच.  त्या दिवसापासून मला जेवण जाईना. मामानं मशीन खोलली, मूठभर ज्वारी निघाली. वर झाकायला पत्र्याचं झाकण करतो म्हणला. मी म्हणलं नको, भंगारात घाल. त्यानं घातली न्हाई. परत धान्याच्या खोलीत आणून ठेवली अन् वर पोतं टाकलं.

दीड महिन्यानं अक्का माहेराला आली. जेवली, मायशी बोलली, अन् मला हाताला धरून खोलीत घेऊन गेली. पोतं काढलं. स्वतः आपल्या जागेवर, ज्वारीच्या पोत्यावर बसली.

"माझ्या दिराचं लग्न ठरलंय," ती म्हणली. "आत्याबाई म्हणायल्या, तुझ्या बहिणीला बोलवा. तुमच्या रीतीनं होऊ द्या, पहिल्याला अन् शेवटच्याला."

"मी येत न्हाई."

"वाजव."

मी बसले. पहिलं कडवं वाजवलं. बरं झालं. अन् जिथं सावधान येतं तिथं माझे दोन्ही हात आपोआप तारांवर झाकण घालून बसले. मान खाली. पाठ वर. मी हलवायला बघितलं, हलंनात. खोलीत कुणी न्हाई, फक्त अक्का, अन् मी ज्वारी पडायची वाट बघायलते. मी म्हणलं, "अक्का, मला ह्याच्या पुढं जाता येत न्हाई."

ती उठली. पोत्याचं तोंड सोडलं. मूठभर ज्वारी घेतली अन् माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"हात काढ," म्हणली. "अन् वाजवत राहा. मी टाकते. पुढच्या खेपेला मला दुसरी रीत सुचायची न्हाई."

मी हात काढले. तिनं टाकली. पहिला दाणा तिसऱ्या तारेवर पडला, वाजला अन् आत गेला. मी दुसरं कडवं सुरू केलं.